पंधरा सेकंद थांबायचं

लातूरच्या मार्केट यार्डाकडं एक पत्र्याचं शेड आहे, आधी तिथं तूर ठेवायचे. सोयाबीनच्या सीझनचे दोन-अडीच महिने सोडले तर ते रिकामंच असतं, आणि मालकाच्या सुनेलाच खेळायचं होतं म्हणून ते आम्हाला मिळालं, नाहीतर अकरा बायकांना फुटबॉल खेळायला गावात जागा कोण देणार. टेप लावून मोजलं तर ३० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद भरलं. खाली कोबा. पहिल्या दिवशी झाडून काढलं तर तुरीचा भुसा नाकातोंडात गेला, सगळ्याजणी अर्धा तास शिंकत होत्या. आता दोन वर्षं झाली. मंगळवार-गुरुवार पहाटे साडेपाचला प्रॅक्टिस आणि रविवारी मॅच, तरी अजून भिंतीच्या कडेनं झाडू फिरवला की दोन-चार दाणे निघतातच.

आमच्यात एक नर्स आहे, दोघी शिक्षिका, एक कापडाचं दुकान सांभाळते, कॉलेजच्या पोरी आहेत, आणि गोलमध्ये पन्नाशीच्या एक काकू, त्यांना सगळ्या मावशीच म्हणतात. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, वय ३८. आणि आमच्या मॅडम, त्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका, मूळच्या धाराशिवकडच्या, खो-खो खेळलेल्या. फुटबॉल त्या आमच्यासोबतच शिकल्या पण ट्रेनिंग कसं द्यायचं हे त्यांना आधीपासून येत होतं.

खेळ म्हणजे फुटसल, हॉलमधला फुटबॉल. लोक ह्याला फुटबॉलचा लहान भाऊ म्हणतात, मला ते पटत नाही. १९३० साली उरुग्वेत मॉन्टेव्हिडिओला हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या शिक्षकांनी वायएमसीएत पोरांना आत खेळता यावं म्हणून हा काढला, आणि आता त्याचं सगळं गणितच वेगळं आहे. पाच-पाच जणी, कोर्ट ४० बाय २० मीटरचं, बॉल ४ नंबरचा आणि कमी उसळणारा, गोल ३ मीटर रुंद. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, पण बॉल बाहेर गेला की घड्याळ थांबतं, म्हणजे ती चाळीस मिनिटं सगळी खेळाचीच. बाहेर गेलेला बॉल परत आत मारायला चारच सेकंद. उभं राहून श्वास घ्यायला जागाच नाही, बॉल तुमच्याकडं नसला तरी कुणाच्या तरी मागं पळावंच लागतं. चांगल्या लेव्हलच्या मॅचमध्ये खेळाडूची नाडी जास्तीत जास्त जेवढी जाऊ शकते, बराचसा वेळ त्याच्या ८५-९० टक्क्यांवर असते.

म्हणूनच ह्या खेळात बदली खेळाडूला मर्यादा नाही. कितीही वेळा बाहेर या, कितीही वेळा परत आत जा, खेळ न थांबवता. बाहेर बसलेलीनं बिब, म्हणजे जर्सीवरून चढवायचं बिनबाह्यांचं जाकीट, घातलेलं असतं, आतली बाहेर आली की तिच्या हातात ते बिब द्यायचं आणि मग आत शिरायचं, एवढाच नियम. मोठ्या टीम दर तीन-चार मिनिटांनी खेळाडू फिरवत असतात. ज्यांनी हे नियम केले त्यांना माहीत होतं की असं पळणं सलग कुणालाच जमत नाही.

आणि आमच्याकडं पहिले सहा महिने बाहेर यायला कुणी तयारच नव्हतं.

मॅडम ओरडायच्या, "ये गं बाहेर, चार मिनिटं झाली," आणि आतून उत्तर यायचं, "राहू द्या मॅडम, मी ठीक आहे." तोंड लाल, हात कमरेवर, बॉल समोरून गेला तरी पाय उचलत नाही, पण मी ठीक आहे. पोरी खोटं बोलत नव्हत्या, त्यांना खरंच तसं वाटायचं. ह्यावर मी खूप विचार केला. आपल्या घरात बाईला सगळ्यात लागणारा शब्द कोणता असेल तर "बसलीस का?" शिवी नाही, काही नाही, सासू म्हणते, आई म्हणते, नवरा सहज म्हणतो, आणि आपण काही न बोलता उठतो. मी स्वतः ऑफिसातून आल्यावर चहाचा कप घेऊन टेकले आणि दारात पाऊल वाजलं तर उठून ओट्यापाशी जाते, काम नसलं तरी. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी असो की पन्नाशीची मावशी, बेंचवर बसणं म्हणजे आपल्याला झेपत नाही हे चारचौघात कबूल करणं, असंच सगळ्यांच्या अंगात मुरलेलं.

मॅडमनी त्यावर लेक्चर दिलं नाही. एक दिवस बॉल बाजूला ठेवला आणि आम्हाला खो-खो खेळायला लावलं, मधे दोन खांबांच्या जागी दोन पाण्याचे कॅन ठेवून. आपल्यापैकी बहुतेकजणी शाळेत खेळलेल्या असतात. आठजणी चौकात बसलेल्या, एक पळतीय, तिनं खो दिला की बसलेली उठते आणि पळणारी तिच्या जागी बसते. आणि ज्या वाचवायला आत जातात त्यासुद्धा तीन-तीनच्या तुकडीनं, बाकीच्या बाहेर बसून. दोन डाव झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता सांगा, चौकात बसली होतीस तेव्हा तू खेळत नव्हतीस का?" मावशी म्हणाल्या, "अगं माय, बसल्यावरच तर सगळं ध्यान लागतं की, कुठून खो येईल म्हणून." झालं, त्या दिवसापासून बेंचला आम्ही चौक म्हणतो. जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या पोरींनी फायनलमध्ये नेपाळला ७८-४० नं हरवलं आणि कॅप्टन होती प्रियंका इंगळे, आपल्या बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. त्याच्या आधी २०२० चा अर्जुन पुरस्कार धाराशिवच्या सारिका काळेला. म्हणजे पळणं, बसणं, परत स्फोटासारखं उठणं ही विद्या मराठवाड्यातल्या पोरींना नवीन शिकवायची गरजच नाही, ती इथलीच आहे.

आता इंटरव्हल ट्रेनिंगबद्दल. आपल्याकडं इंटरव्हल म्हटलं की पिक्चरमधली ती दहा मिनिटं, समोसा आणि रांग. मला वाटायचं जोरात पळण्याच्या फेऱ्यांना इंटरव्हल म्हणत असतील. तर नाही, नाव मधल्या थांबण्यावरूनच आलंय. १९३० च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्श्लर नावाचे कोच आणि हर्बर्ट राइंडेल नावाचे डॉक्टर हे दोघं मिळून धावपटूंवर काम करायचे. नाडी १८० च्या आसपास जाईल इतकं पळवायचं, मग थांबवायचं, आणि दीड मिनिटाच्या आत ती १२० वर उतरली तरच पुढची फेरी. उतरली नाही तर भार जास्त झाला, कमी करा. त्यांचं ठाम म्हणणं होतं की हृदय मजबूत होतं ते त्या थांबलेल्या वेळात. आता शास्त्र पुढं गेलंय, पळण्याचा वाटा सुद्धा मोठा आहे हे कळलंय, पण गेर्श्लरचा धावपटू रुडॉल्फ हारबिगनं १९३९ ला मिलानमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदात मारले आणि तो विक्रम सोळा वर्षं कुणाला मोडता आला नाही, म्हणजे त्या थांबण्यात काहीतरी होतंच.

शरीरात काय होतं ते मला लॅबमधल्या अभ्यासामुळं थोडं लवकर समजलं. पाच-सहा सेकंद जीव तोडून पळायचं तर स्नायू क्रिएटिन फॉस्फेटचा साठा वापरतो. हा साठा म्हणजे डाळीच्या डब्यात ठेवलेले पैसे, लगेच हाताशी पण थोडेच. तो परत भरायचा तर ऑक्सिजन लागतो आणि वेळ लागतो, अर्धा साठा साधारण ३० सेकंदात भरतो, जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. म्हणजे चार मिनिटं सलग खेळून जी पोरगी बाहेर येत नाही तिचा डबा रिकामा असतो, ती पळतीय असं तिला वाटतं पण खरं तर ती नुसती हलतीय. आणि ज्याचा दम चांगला, त्याचा डबा लवकर भरतो. स्प्रिंट मारणाऱ्यांना दमाची काय गरज, असं आमच्या कॉलेजच्या पोरी विचारायच्या, त्याचं उत्तर हेच.

मॅडमनी सुरुवात केली ती पंधरा-पंधरानं. पंधरा सेकंद पळायचं, पंधरा सेकंद चालायचं, अशा आठ फेऱ्या, मग तीन मिनिटं पूर्ण विश्रांती, मग परत आठ. पंधरा सेकंदात शेडचं एक टोक गाठून अर्ध्यापर्यंत परत यायचं, म्हणजे ४५ मीटर. हे कागदावर काहीच वाटत नाही. पाचव्या फेरीला पत्रे फिरायला लागतात.

पण आमची चूक पळण्यात नव्हतीच. मॅडमनी एकदा मोबाईलवर शूटिंग करून दाखवलं. शिट्टी वाजली, पळणं थांबलं, आणि त्या पंधरा सेकंदात आम्ही काय करायलो तर एक जण लवंडलेली बाटली उभी करायली, एक खुणेचा प्लास्टिकचा कोन सरळ करायली, शिक्षिका ताई बाजूला खेळत असलेल्या लेकाच्या बुटाची लेस बांधायला वाकलेली, दुकानवाली फोन कानाला लावून "कुकरच्या किती झाल्या? तीन झाल्या की बंद कर," आणि मी, मी तर फरशी पुसण्याच्या फडक्यानं घामाचे थेंब पुसायले, कुणी घसरू नये म्हणून. नर्स तेवढी चालत होती पण ती सुद्धा हाताची घडी घालून, जणू रांगेत उभी आहे. अकराजणींत एकीलाही पंधरा सेकंद नुसतं चालता येत नव्हतं. शेडमध्ये कुणी बोललं नाही थोडा वेळ.

मग मॅडमनी थांबणं शिकवलं. हात खाली सोडायचे, खांदे पाडायचे, श्वास लांब सोडायचा, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्यावर लक्ष, बाटली पडली तर पडू दे. हे शिकायला आम्हाला पळण्यापेक्षा जास्त दिवस लागले, खरं सांगते. आणि ते जमल्यावर पळणं आपोआप बदललं. आधी सगळ्या फेऱ्या एकाच मधल्या वेगानं जायच्या, ना धड पळणं ना धड थांबणं, कारण थांबायला मिळणार नाही हे अंगाला माहीत, मग अंग जपून वापरतं. थांबणं नक्की मिळणार हा भरवसा बसला तेव्हा पोरी सुटल्या. आता त्या पंधरा सेकंदात ५५ मीटर होतात माझे. त्याच्या जोडीला तीन विरुद्ध तीनचे छोटे गेम, तीन मिनिटं खेळ दोन मिनिटं थांबा, चार वेळा, आणि महिन्यातून दोनदा २० मीटरचे सहा स्प्रिंट, दर वीस सेकंदाला एक.

इथं एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. "बायकांना वेगळा व्यायाम कशाला, घरकाम काय कमी आहे का," हे वाक्य मी लॅबमध्ये रोज ऐकते, शिकलेल्या लोकांकडून ऐकते. घरकाम म्हणजे व्यायाम नाही हो. त्यात नाडी सहसा फार वर जात नाही आणि पूर्ण खालीही येत नाही, दिवसभर मधेच कुठंतरी लटकलेली. त्यानं हृदय हवं तेवढं मजबूत होत नाही, कंबर मात्र जाते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि टँकर खाली यायचा. हंडा घेऊन वर, रिकामा घेऊन खाली, परत वर, एका वेळी दहा-बारा खेपा. दिसायला हुबेहूब इंटरव्हलच. पण खाली उतरले की रांगेत घुसायचं, भांडायचं, नंबर जाईल ही धास्ती, म्हणजे ते थांबणं थांबणं नव्हतंच, आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखतंय म्हणून सुट्टी नाही. त्या उन्हाळ्यात मी मजबूत झाले नाही. माझा उजवा गुडघा तेव्हाचा दुखतो, आजही वॉर्मअपला मला इतरांपेक्षा पाच मिनिटं जास्त लागतात. तेच जिने, तोच जोर, पण मधे नीट थांबायला मिळालं असतं तर वेगळं झालं असतं, हे मला आता कळतंय आणि त्याचं वाईट वाटतं.

गुडघ्यावरून आठवलं, मुलींच्या गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट, म्हणजे सांधा बांधून ठेवणारा पट्टा, फुटबॉलमध्ये मुलांपेक्षा दोन-तीन पट जास्त वेळा फाटतो, आणि आमच्या खाली कोबा. म्हणून फिफाचा ११+ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आम्ही एकदाही चुकवत नाही, त्यात एका पायावर तोल, उडी मारून गुडघे आत न पडू देता उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचा नॉर्डिक नावाचा व्यायाम, सगळं येतं. कंटाळवाणं आहे. तरी करा.

आता नर्सची गोष्ट. तिला विचारून लिहितीय, तीच म्हणाली लिही म्हणून. चोवीस वर्षांची, आमच्यात सगळ्यात वेगवान, पण तीन मिनिटांनंतर एकदम विझायची आणि तरी बाहेर यायची नाही. एका रविवारी सात मिनिटं आत राहिली, कॉर्नर घ्यायला गेली आणि भिंतीला हात लावून खाली बसली. ओठ पांढरे. पाणी दिलं, पाय वर केले, पाच मिनिटांत बरी झाली आणि म्हणाली नाइट ड्युटी होती गं, बाकी काही नाही. सोमवारी मी तिला ओढतच लॅबला नेलं. सॅम्पल मशीनला लावलं आणि स्क्रीनवर हिमोग्लोबिन आलं ८.६. परत लावलं. ८.६.

एक ग्रॅम हिमोग्लोबिन जास्तीत जास्त १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. मी तिथंच रिपोर्टच्या मागं गणित केलं. साडेबारा असतं तर १०० मिली रक्तात पावणेसतरा मिली ऑक्सिजन, हिच्या रक्तात साडेअकरा. म्हणजे ही पोरगी इतके दिवस जवळजवळ एक तृतीयांश ऑक्सिजन कमी घेऊन आमच्या सगळ्यांच्या पुढं पळत होती. आणि तिला सगळे, मी सुद्धा, स्टॅमिना कमी आहे तुझा म्हणायचो.

त्याच दिवशी लॅबमध्ये कुणी नसताना मी स्वतःच्या हातात सुई घातली. चौदा वर्षं रोज पन्नास-साठ बायकांचे रिपोर्ट काढते, स्वतःचं कधी पाहिलं नव्हतं. १०.१. बाईला १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका त्या रेषेच्या खाली निघाल्या, देशात ५७ टक्के. मला हा आकडा पाठ होता. त्यात मी आहे हे माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात अकराही जणींचं केलं. सहाजणी बाराच्या खाली. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, नर्सची पाळी फार अंगावर जायची त्याची वेगळी ट्रीटमेंट सुरू झाली, आणि सगळ्यात अवघड होतं ते जेवणासोबतचा चहा सोडणं, कारण चहामुळं लोह अंगात नीट शोषलं जात नाही. गूळ-शेंगदाणे खाऊन भरून निघेल असं घरोघरी सांगतात, खा जरूर, पण ८.६ तेवढ्यानं भरून येत नाही. तीन महिने ती पूर्ण जोरानं पळाली नाही, नुसतं चालणं, पासिंग आणि वॉर्मअप. तीन महिन्यांनी ११.६. मी तो रिपोर्ट प्रिंट काढून शेडला नेला तर मावशींनी हातात घेऊन कपाळाला लावला.

आता वर्षातून चारदा क्रीडा संकुलाच्या ग्राउंडवर टेस्ट करतो, मार्टिन बुखहाइट नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाची ३०-१५ वाली. तीस सेकंद पळा, पंधरा सेकंद चाला, ताशी ८ किलोमीटरनं सुरू आणि दर फेरीला अर्धा किलोमीटर वाढतो, बीपवर पोचता येईना की बास. अंतर ४० मीटरचं, बरोब्बर फुटसलच्या कोर्टाएवढं, आमच्या शेडमध्ये ते बसत नाही. पहिल्या वेळी मी १२ ला संपले होते, आता १४.५. नर्स १७ पर्यंत जाते आणि शेवटच्या दोन फेऱ्यांना ती एकटीच पळत असते, बाकी आम्ही सगळ्या रेषेच्या बाजूला उभं राहून ओरडत.

बायकांचा फुटसलचा फिफाचा पहिला वर्ल्ड कप फिलिपिन्सला झाला, २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. पुरुषांचा पहिला १९८९ ला झाला होता. छत्तीस वर्षं. फायनलला ब्राझीलनं पोर्तुगालला ३-० नं हरवलं, त्याचे तुकडे आम्ही शेडमध्ये कोब्यावर बसून एका मोबाईलवर पाहिले आणि गोलांपेक्षा जास्त वेळ मागं घेऊन घेऊन काय पाहिलं तर बेंच. वर्ल्ड कपची फायनल चालू आहे आणि त्या बाया धावत बाहेर येतात, बिब घेतात, बसतात, पाणी पितात, कुणाकडं बघतही नाहीत.

गेल्या रविवारी नर्सची आई गावाकडून आली होती, पोरगी पहाटे कुठं जाते ते बघायला. प्लास्टिकच्या खुर्चीवर पदर सावरून बसल्या होत्या. मी चौकात होते, बिब घालून, दोन बोटं मनगटावर ठेवून नाडी मोजत, बाहेर आले तेव्हा दहा सेकंदात २७ होती, मिनिटभरात २१ वर आली. आत नर्सनं डावीकडून दोघींना चुकवून गोल मारला, परत मागं पळाली, एक बॉल अडवला, आणि मग कुणी हाक मारायच्या आत स्वतःच हात वर केला आणि माझ्याकडं आली. मी बिब काढून तिच्या हातात दिलं, घामानं ओलं झालेलं होतं. तिनं ते घातलं आणि भिंतीला पाठ टेकून बसली, पाय लांब करून.

आत शिरताना मागून तिच्या आईचा आवाज आला, "का गं, बसलीस का?"

"व्हय. बसले. दोन मिनिटं."

पुढं त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, मावशींनी बॉल माझ्याकडं टाकला होता.